समुद्र नको, मिस्त्री हवा

१९७२मध्ये उतरू नका. पूस धरण तेव्हा नवंकोरं असलं तरी साल दुष्काळाचं आहे. लोक रोजगार हमीवर खडी फोडताहेत, आणि अशा वेळी शर्यतीच्या होडीचा विषय काढणाऱ्याला पुसदकर जे सुनावतील ते छापता येणार नाही. दहा वर्षं पुढे सरका. १९८२चा मे सरत आलाय. पुसदचे वसंतराव नाईक जाऊन तीन वर्षं होत आली, धरणाचं पाणी खाली गेलंय, आणि काखेत नकाशांची गुंडाळी घेऊन तुम्ही एका मिस्त्रीच्या दारात उभे आहात.

पुसदात तेव्हा कुणी अशी होडी बांधली, असं मी म्हणत नाही. ती तुम्ही बांधणार आहात. इतिहासात एवढी घुसखोरी चालते.

नकाशे डेन्मार्कच्या क्नुद ओल्सेनचे, होडीचं नाव ‘ओके डिंगी’. पहिली १९५७मध्ये पाण्यात उतरली. चार मीटर लांबी, साडेआठ चौरस मीटरचं एकच शीड, चालवणारा एकटा. नुसत्या होडीचं वजन किमान ७२ किलो. तिची खरी हुशारी तळाच्या आकारात आहे. गोल पोटाची होडी करायला पिढीजात हात लागतो. ओल्सेनने पोट सपाट तक्त्यांचं ठेवलं, कोनात जोडलेलं. कपाटं करणाऱ्यालाही जमावं असं. घरी बांधता यावी म्हणूनच ती आखली होती. तेव्हा समुद्र शेकडो मैल दूर आहे ही पुसदची अडचण नव्हेच. मिस्त्री आहे, धरण आहे, बस्स.

“काहून जी, समुद्र कुठी हाय इथं?” मिस्त्री विचारतो.

“धरणावर नेऊ.”

“मंग सागाची करू. आपल्या नातवाईलेबी पुरते.”

यवतमाळ जिल्ह्यात सागाला नाही म्हणणं म्हणजे जेवणाच्या पंगतीतून उठून जाणं. तरी तुम्ही म्हणता. साग जड; पूर्ण सागाची केली तर होडी शर्यतीत मागे मागेच राहील. शिवाय तो तेलकट, सांध्याला थिनरने पुसून घेतल्याशिवाय गोंद धरत नाही. तडजोड होते: काठाची पट्टी आणि सुकाणूचे गाल सागाचे; डोलकाठी हलक्या, सरळ रेषांच्या, बिनगाठी लाकडाची; बाकी सगळं मरीन प्लायवूड. प्लाय अकोल्याहून ट्रकच्या टपावर येतं. शीड मात्र मुंबईहून मागवावं लागतं.

आता वेळ लागणारं काम. प्लायचा तक्ता आठ फुटी, होडी तेरा फुटांच्या वर. दोन तक्ते जोडायचे, पण आडवा सांधा वाकवताना तडकन उघडतो. म्हणून तिरपा जोड. ६ मिलिमीटर जाडीला ४८ मिलिमीटरचा उतार, दोन्ही तक्त्यांना सारखा. मिस्त्री तक्ते एकावर एक, मागेपुढे सरकवून शिकंज्यात धरतो आणि रंधा फिरवतो. पातळ, कुरकुरीत साली पायाशी पडत जातात. मोजपट्टी तो काढतच नाही. प्लायचे थर उतारावर फिक्या-गडद पट्ट्यांसारखे उघडे पडतात, आणि पट्टे सरळ असले की उतार बरोबर. एक पट्टा मध्ये पोट काढतो. तिथे मिस्त्री अंगठा फिरवतो, पुन्हा दोन हात मारतो. पट्टा सरळ होतो. हे नकाशात लिहिलेलं नाही.

फर्निचरचा पांढरा गोंद इथे कामाचा नाही, पाण्यात सुटतो. दोन डब्यांतलं इपॉक्सी कालवायचं, तेही उजाडायच्या आत, कारण दुपारच्या उकाड्यात ते वाटीतच गरम होऊन दगड बनतं. नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, तक्ता वळतोही आणि पिळतोही. ओल्या गोणपाटावर उकळतं पाणी ओतत, इंच इंच, पितळी स्क्रूंनी तो सांगाड्याला बसवावा लागतो.

संध्याकाळी तुमची कसरत. बाजेच्या कडेवर बसून पाय समोरच्या पट्ट्यात अडकवायचे आणि पाठ बाहेर झोकून द्यायची. वाऱ्याने कलणारी होडी माणूस अशीच स्वतःच्या वजनाने सरळ ठेवतो. डेन्मार्कच्याच पॉल एल्व्हस्ट्रोमने घरी बाक ठेवून हा सराव केला आणि १९४८ ते १९६० अशा सलग चार ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या होडीत सुवर्ण जिंकलं. त्यातलं दुसरं हेलसिंकीत, जिथे आपल्या खाशाबांनी कुस्तीचं कांस्य मिळवलं. तुमच्या मांड्या मात्र दोन मिनिटांत थरथरू लागतात आणि गल्लीतली पोट्टी मोठ्याने आकडे मोजतात.

श्रावण सरता सरता काम थांबतं. मिस्त्रीकडे तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी आलेत. ते आधी, होडी नंतर. चाकं लागलेले बैल तिच्या पोटात ओळीने वाळत ठेवलेले दिसतात. पोळ्यानंतर जिनिंगच्या काट्यावर वजन होतं: ७९ किलो. नियम किमान वजनाचा आहे, म्हणजे सात किलो साग माफ.

धरण भरलंय. वारा पश्चिमेचा, पण टेकड्यांवरून उतरताना त्याचे तुकडे होतात. पाण्यावर गडद ओरखडा तुमच्याकडे सरकताना दिसतो. तो पोचायच्या आत बाहेर झुकायचं. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, नागमोडी चढायचं. एका हातात सुकाणूचा दांडा, दुसऱ्यात शिडाची दोरी. परतताना वारा पाठीमागून येतो, आडवी काठी भर्रकन या बाजूची त्या बाजूला जाते, तुम्ही डोकं वाकवता आणि तोल विसरता. होडी आडवी. आतले बंद कप्पे तिला बुडू देत नाहीत. खालून बाहेर आलेल्या उभ्या फळीवर चढा, काठ धरून मागे रेला, उठते. मग डब्याने उपसत बसा.

नोव्हेंबरात मुंबई गाठा. एशियाड दिल्लीला, पण समुद्र दिल्लीलाही नाही, म्हणून शिडांच्या शर्यती मुंबई बंदरात. एकट्याने चालवायच्या ओके आहेत. दोघांच्या फायरबॉलमध्ये फारुख तारापोर आणि झरीर करंजिया सुवर्ण मिळवतात. ओहोटी लागली की खुणेच्या दिशेने नाळ धरलेली होडीही तिरपी सरकत राहते. पूसच्या पाण्याला ही खोड नाही.

पुसदला परतल्यावर तुम्ही हे मिस्त्रीला सांगता. एकट्याची ‘लेझर’ आता फायबरची, साच्यातून निघते, हेही सांगता.

“साच्यातून? मंग फुटली तं जोडते कोन?”

तुम्हाला उत्तर येत नाही. तो रंधा बाजूला ठेवतो.

“जाताना नकाशे ठेवून जा. दुसरी पुरी सागाची करतो. पाहू, काय होते ते.”