डिस्प्ले येत नाही

संगणकात नवा प्रोसेसर बसवावा, कळ दाबावी, पंखाही फिरू लागावा, आणि तरी पडदा काळाच राहावा, या अवस्थेला दुरुस्तीच्या धंद्यात 'डिस्प्ले येत नाही' असे म्हणतात. पण या तीन शब्दांमागे चार दशकांचा इतिहास उभा आहे.

१९८१ साली आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर विक्रीस आणला, तेव्हा त्याच्या मदरबोर्डावरील रॉममध्ये बायोस नावाची एक लहानशी आज्ञावली कायमची लिहिलेली होती. यंत्र सुरू होताच ती मेमरी, कीबोर्ड आदी अवयवांची झडती घेई, आणि सारे यथास्थित असल्यास स्पीकरातून एकच आखूड 'बीप' देई. कारागिराचे निदान त्यामुळे प्रथम कानाने होऊ लागले.

प्रोसेसर बदलण्याचा व्यवहार रुळला तो सॉकेटाला दांडी आल्यानंतर, ४८६ आणि पेंटियमच्या काळात. त्या काळी नव्या पाहुण्याची ओळख बोर्डाला करून देणे हे सर्वस्वी माणसाच्या बोटांचे काम होते: तांदळाच्या दाण्याएवढ्या जम्परच्या टोप्या चिमट्याने उचलून, पुस्तिकेतील कोष्टक पाहून, गती आणि व्होल्टेज ठरवावे लागे. १९९३ चा पहिला पेंटियम ५ व्होल्टवर चाले, पुढच्या वर्षीचा ३.३ वर, आणि १९९७ च्या एमएमएक्स पेंटियमला गाभ्यासाठी २.८ व बाहेरील जोडणीसाठी ३.३ असे दोन निरनिराळे पुरवठे लागत. एक टोपी चुकीच्या जागी बसली, तर मौन हीच त्यातल्या त्यात सौम्य शिक्षा ठरे.

पुढे जम्पर गेले, आणि ओळखीचे सारे दप्तर बायोसच्या स्वाधीन झाले. बोर्ड कारखान्यातून निघाल्यानंतर जन्मलेल्या प्रोसेसरची नोंद त्या दप्तरात असणार कशी? बायोस अद्ययावत करावा, तर त्यासाठी यंत्र चालू हवे. आणि यंत्र चालण्यासाठी बोर्डाच्या ओळखीचा प्रोसेसर हवा! फेब्रुवारी २०१८ मध्ये एएमडीचे रायझन २२००जी व २४००जी हे प्रोसेसर आले, तेव्हा एएम४ सॉकेटाच्या अनेक बोर्डांपुढे हाच पेच उभा राहिला, आणि अडलेल्या ग्राहकांना कंपनीने एक जुना, साधा प्रोसेसर तात्पुरता उसना देण्याची तजवीज केली. या धंद्याच्या इतिहासात इतका सरळ आणि माणुसकीचा तोडगा मला दुसरा आढळत नाही. प्रोसेसर नसतानाही पेन ड्राइव्हवरून बायोस लिहून घेण्याची सोय काही बोर्डांवर आहे खरी, पण ती सर्वांच्या नशिबी नसते.

असे पेच सुटतात ते दुरुस्तीच्या बाजारात. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे नाव लाभलेला ग्रँट रोडजवळचा रस्ता कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग झाला. इलेक्ट्रॉनिक्सच्या व्यापारात मात्र तो लॅमिंग्टन रोडच राहिला. अशा बाजारातला मुरलेला कारागीर घाई करीत नाही. प्रोसेसरची स्वतंत्र वीजतार जोडायची राहून गेली नाही ना, हे तो आधी पाहतो. मग नाण्याएवढा सेल काढून जुन्या सेटिंगा पुसतो, रॅमची एकच पट्टी ठेवतो. तेवढ्याने भागले नाही, तर एएम४चा प्रोसेसर दिव्याखाली तिरपा धरून त्याच्या १३३१ पिनांच्या रांगा निरखतो, आणि एखादी वाकलेली दिसलीच तर शिसे काढलेल्या पेन-पेन्सिलीच्या पोकळ टोकात ती अडकवून श्वास रोखून सरळ करतो. एवढ्यानेही पडदा उजळला नाही, तर खणातून जुना प्रोसेसर निघतो, बोर्डाच्या ओळखीचा. तो बसतो, डिस्प्ले येतो, आणि बायोसचे नवे पान लिहिले जाईपर्यंत कारागीर विजेच्या बटणाजवळ कोणालाही फिरकू देत नाही.