सोडा-व्हिनेगरच्या बाटलीनं आग विझते, पण कढई पेटल्यावर ती हातात घेऊ नका

हा व्हिडिओ कधी ना कधी तुमच्या फीडवर आलाच असेल. प्लॅस्टिकची बाटली, तिच्यात व्हिनेगर, टिश्यू पेपरात बांधलेला खाण्याचा सोडा आणि झाकणाला भोक पाडून बसवलेली नळी. बाटली हलवली की नळीतून फेसाळ पाणी उडतं आणि समोरचा पेटलेला कागद विझतो. बघणाऱ्याला वाटतं, चला, घरच्या घरी फायर एक्स्टिंग्विशर तयार.

व्हिडिओ खोटा नसतो. पण त्यात एक महत्त्वाची गोष्ट सांगितलेली नसते.

आग विझते कशी?

आगीला तीन गोष्टी लागतात. जळणारी वस्तू, उष्णता आणि ऑक्सिजन. यातली एक जरी काढून घेतली तरी आग विझते. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्यात व्हिनेगरमधलं ॲसेटिक ॲसिड मिसळलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू जळत नाही आणि हवेपेक्षा साधारण दीडपट जड असतो. त्यामुळे तो ज्योतीभोवती साचतो आणि ऑक्सिजनला बाजूला सारतो.

घरी करून बघायचं असेल तर

१. एका उंच जगमध्ये दीड छोटा चमचा खाण्याचा सोडा टाका.
२. त्यावर १०० मिली व्हिनेगर हळूहळू ओता. पंखा बंद ठेवा.
३. फेस बसला की जग पेटलेल्या मेणबत्तीवर तिरका करा. व्हिनेगर सांडू द्यायचं नाही, फक्त वायू 'ओतायचा'. ज्योत विझते.

मुलं करणार असतील तर मोठं माणूस सोबत हवं. आणि हे मिश्रण झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत कधीही करू नका. वायूच्या दाबानं बाटली फुटू शकते.

मग हीच बाटली किचनमध्ये का नको?

पहिलं कारण वायू किती तयार होतो हे. ५ टक्के ॲसिडच्या १०० मिली व्हिनेगरमधून जेमतेम २ लीटर कार्बन डायऑक्साइड मिळतो. दुकानात मिळणाऱ्या २ किलोच्या कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमधून हजार लीटरहून जास्त वायू बाहेर पडतो. मेणबत्तीला २ लीटर पुरतो, पेटलेल्या पडद्याला नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. नळीतून जे उडतं ते मुख्यतः पाणीच असतं. वायू फक्त त्याला मागून ढकलतो. जुन्या काळातले सोडा-ॲसिड एक्स्टिंग्विशर याच तत्त्वावर चालायचे. त्यात व्हिनेगरऐवजी सल्फ्युरिक ॲसिड असायचं आणि ते लाकूड, कागद, कापडाच्या आगीसाठी असायचे. तेलाच्या किंवा विजेच्या आगीसाठी नाही.

पेटलेल्या कढईतलं तेल ३०० अंशांच्या वर गेलेलं असतं. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे ते तळाला जातं आणि क्षणात त्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिला साधारण १,६०० पट जागा लागते. ती वाफ जळतं तेल वर उडवते आणि कढईतली आग छतापर्यंत जाते. विजेच्या आगीवर हे पाणी मारलं तर शॉक बसू शकतो.

म्हणजे ज्या दोन आगी घरात हमखास लागू शकतात, त्या दोन्हींवर ही बाटली घातक आहे.

मग नेमकं करायचं काय?

कढई पेटली तर: हात पोहोचत असेल तर गॅस बंद करा. कढईपेक्षा मोठं झाकण, ताट किंवा परात बाजूनं सरकवत वर ठेवा. कढई उचलू नका आणि थंड होईपर्यंत झाकण काढू नका, नाहीतर आग पुन्हा भडकते. आग अगदी छोटी असेल तर कोरडा खाण्याचा सोडा भरपूर टाकता येतो. गरम झाल्यावर सोडा स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्याला व्हिनेगर लागत नाही. पण बेकिंग पावडर, मैदा, पीठ किंवा साखर चुकूनही टाकू नका. पीठ आणि साखर स्वतःच पेट घेतात.

वायर किंवा बोर्ड पेटला तर: आधी मेन स्विच बंद करा. पाणी अजिबात नाही.

आग आटोक्याबाहेर गेली तर: घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा, मागे दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. गॅस गळतीचा वास आला तर स्विच चालू-बंद करू नका, बाहेर येऊन १९०६ वर कळवा.

विकत घ्यायचा असेल तर

आयएसआय मार्क असलेला एबीसी पावडरचा छोटा एक्स्टिंग्विशर घ्या. तो गॅसच्या शेगडीशेजारी नाही, किचनच्या दाराजवळ लावा, म्हणजे आग ओलांडून जावं लागणार नाही. वापरताना पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा आणि डावीकडून उजवीकडे फिरवा. पेटलेल्या तेलावर मात्र अगदी जवळून मारू नका, पावडरच्या जोरानं तेल उडतं. छोटा सिलिंडर काही सेकंदांतच संपतो, म्हणून दाराकडे पाठ ठेवून उभे राहा. आग विझली नाही तर सरळ बाहेर पडता येतं.

आणि सिलिंडरवरच्या मीटरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे महिन्यातून एकदा बघत जा.