गुंडी, काज आणि बटण : धाराशिव परिसरातील वेशबंधनाचा शब्देतिहास

वस्त्रांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे पहिली अडचण उभी राहते ती साधनांची. दख्खनच्या हवेत सुती कापड शतकानुशतके टिकत नाही आणि शिल्पांतील वेश कलासंकेतांनी बांधलेला असतो. अशा वेळी शब्दांची साक्ष काढावी लागते. मराठी व कन्नड यांच्या सीमेलगतचा आणि दीर्घकाळ उर्दू राजभाषेच्या छायेत राहिलेला धाराशिव जिल्हा या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. बटण ही इंग्रजांची देणगी होय, ही रूढ समजूत कितपत ग्राह्य आहे याचा निर्णय येथील शब्दांवरूनच करता येतो.

या जिल्ह्यातील तेर म्हणजेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगराहून साधे कापड व मलमलीचे प्रकार गाड्यांतून भडोच बंदराकडे जात, असा उल्लेख आहे. वस्त्रनिर्मिती एवढी संपन्न असली तरी अंगावरील मुख्य वस्त्र न शिवलेलेच होते. त्याची खूण मराठी क्रियापदांनी आजही जपली आहे : धोतर व लुगडे नेसावयाचे, शेला पांघरावयाचा, पागोटे बांधावयाचे, सदरा मात्र घालावयाचा. नेसण्याच्या वस्त्राला खोचणे व गाठ मारणे पुरते. गुंडीची गरज निर्माण होते ती ‘घालण्या’च्या वस्त्राबरोबर.

शिवलेल्या वस्त्राचे पहिले बंधन ‘बंद’ हे होय. बाराबंदी या अंगरख्याच्या नावातच ते मोजलेले आहे. हे बंद केवळ सोयीचे नव्हते. मोगल काळात हिंदूंनी जाम्याचे बंद डावीकडे व मुसलमानांनी उजवीकडे बांधावेत असा संकेत होता. त्यामुळे वस्त्र मिटण्याची बाजू हीच धर्माची खूण ठरे. पुढे हैदराबाद संस्थानात प्रतिष्ठा पावलेली शेरवानी समोर मधोमध मिटते व गळ्यापर्यंत गुंड्यांनी बंद होते. तिच्यात या डाव्याउजव्या भेदाला जागाच उरली नाही. पाश्चात्य सदऱ्याने बाजूचा भेद पुन्हा आणला. परंतु तो धर्माचा नव्हे, स्त्रीपुरुषांचा होता.

‘गुंडी’ हा शब्द इंग्रजी अमलाहून जुन्या थरातील आहे. मराठीत गुंडी म्हणजे वाटोळे पाण्याचे भांडेही आणि वस्त्राचा वाटोळा गोळाही. कन्नडात ‘गुंडु’ म्हणजे वाटोळा गोळा आणि ‘गुंडि’ म्हणजे बटण. तेलुगूतही बटणाला ‘गुंडी’च म्हणतात. उत्तरेकडे याच आकाराची ‘घुंडी’ आहे, आणि ती अडकविण्याच्या फाशाला उर्दूत ‘तुकमा’ हे वेगळे नाव आहे. मराठी-कन्नड सीमेवरील या प्रदेशात हा शब्द दोन्ही भाषांच्या सामाईक मालमत्तेसारखा नांदला. कापडाची किंवा दोऱ्याची गुंडी व काठावर शिवलेला फासा अशी ही रचना असे. तिच्यात कापड कापावे लागत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

कापड कापावे लागते ते ‘काजा’साठी. ‘कार्य’ या अर्थाचे ‘काज’ मराठीत प्राकृतातून आले; त्यामुळे शिंप्याचे काजही त्याच कुळातले वाटते. वस्तुतः त्याचे मूळ पोर्तुगीज ‘काझा’, म्हणजे घर, या शब्दात आहे. बटणाचे छिद्र हे त्या भाषेत बटणाचे घर होय. आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा संग्रह करणारे गोमंतकीय पंडित सेबास्तियाँव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ही व्युत्पत्ती नोंदविली आहे. युरोपात काजाचा प्रसार तेराव्या शतकापासून झाला. पोर्तुगीजांनी गोवा १५१० मध्ये घेतले आणि चिरलेल्या कापडाची कड दोऱ्याने बांधून पक्की करण्याच्या या क्रियेचे नाव कोकणी-मराठीत रुजले. कोकणीने त्यांचा ‘बोतांव’ही ‘बुतांव’ म्हणून स्वीकारला. घाटावरील मराठीजवळ गुंडी होतीच. तिला उणीव होती ती घराची.

‘बटण’ हा थर सर्वांत अलीकडचा. इंग्रजी ‘बटन’ व पोर्तुगीज ‘बोतांव’ यांचे मूळ एकच असून पोर्तुगीजात त्या शब्दाचा ‘कळी’ हाही अर्थ आहे. नळदुर्ग जिल्हा प्रत्यक्ष इंग्रजी अमलाखाली होता तो १८५३ ते १८६० एवढाच. त्यानंतर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाकडे राहिला. तेव्हा येथे बटण रुजविले ते केवळ इंग्रजी कचेरीने, असे म्हणता येत नाही. शिवणयंत्र व कारखान्यातील तयार माल यांबरोबर हा शब्द पसरला; उर्दूनेही ‘बटन’ आपलासा केला होता. मराठीने त्यातील ‘न’चा ‘ण’ केला, त्याला नपुंसकलिंग दिले आणि पुढे विजेच्या दिव्याची कळही त्याच नावाने ओळखली. गुंडीला हा अर्थविस्तार लाभला नाही. ती सदऱ्यापुरती व भांड्यापुरतीच राहिली.

सारांश, इंग्रजीने या प्रदेशाला दिले ते प्रामुख्याने नाव. वाटोळा गोळा अडकवून वस्त्र मिटण्याची कल्पना त्याआधीच येथे होती आणि कापडाला घर पाडण्याच्या कलेचे नाव समुद्रकिनाऱ्याकडून आले होते. आजही शिंप्याच्या दुकानात ‘काज-बटण’ हे एकाच कामाचे जोडनाव आहे. त्यातील एक पद पोर्तुगीज व दुसरे इंग्रजी आहे. ज्या देशी शब्दाच्या जागी दुसरे पद आले, ती गुंडी मात्र या जोडनावात नाही. केवळ प्रचलित नावावरून वस्तूचा उगम ठरविणाऱ्या इतिहासकाराने हा गळालेला शब्द ध्यानी घेणे अगत्याचे आहे.