महाराष्ट्रातील झिओलाइट खनिजे

झिओलाइट हा ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन असलेल्या सजल खनिजांचा समूह आहे. महाराष्ट्रातील काळ्या पाषाणाच्या, म्हणजेच बेसाल्टच्या, पोकळ्यांमध्ये ही खनिजे विपुल सापडतात. येथील नमुने जगातील अनेक संग्रहालयांत आहेत. खेड्यापाड्यांत अशा चकाकणाऱ्या दगडांना सरसकट 'गारगोटी' म्हणतात. वास्तविक गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. तिने काचेवर ओरखडा उठतो. बहुतेक झिओलाइटांवर मात्र पोलादी चाकूनेच ओरखडा काढता येतो.

स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ ॲक्सेल क्रॉन्स्टेट यांनी १७५६ साली 'उकळणारा दगड' या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव दिले. तापवल्यावर या खनिजांतील पाणी वाफ होऊन बाहेर पडते आणि दगड फसफसल्यासारखा दिसतो.

निर्मिती

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावरील भेगांतून लाव्हाचे थरावर थर पसरून दख्खनचे पठार घडले. लाव्हा थिजताना त्यातील वायूंचे बुडबुडे आत अडकले व त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने त्यातील कॅल्शियम, सोडियम, सिलिका इत्यादी द्रव्ये विरघळवून या पोकळ्यांत आणून सोडली. हे स्फटिक लाव्हाबरोबरच वर आले, असा समज आढळतो. पण ते खडकापेक्षा वयाने लहान आहेत.

कोणते खनिज तयार होईल हे बव्हंशी तापमानावर, म्हणून गाडलेल्या थराच्या खोलीवर, अवलंबून असते. सुखेश्वाला व सहकाऱ्यांनी १९७४ साली पश्चिम भारतातील झिओलाइटांचे असे पट्टे दाखवून दिले: सखल भागात लोमोंटाइट, तर वरच्या थरांत ह्यूलँडाइट.

आढळ

एकोणिसाव्या शतकात बोरघाटातील लोहमार्गाच्या खोदकामात उत्तम नमुने मिळाले. आज पुणे, नाशिक, जळगाव व छत्रपती संभाजीनगर हे जिल्हे विशेष प्रसिद्ध आहेत. स्टिल्बाइट पांढरे किंवा फिकट गुलाबी, तर स्कोलेसाइट सुयांच्या जुडग्यासारखे असते. अपोफिलाइट, कापसाच्या बोंडासारखे दिसणारे ओकेनाइट आणि कॅव्हनसाइट ही याच पोकळ्यांत भेटतात. शास्त्रीय दृष्ट्या मात्र ती झिओलाइट नव्हेत. गडद निळे कॅव्हनसाइट प्रथम अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात सापडले, परंतु त्याचे सर्वांत देखणे गुच्छ पुण्याजवळील वाघोलीच्या दगडखाणींतले. सिन्नर येथील 'गारगोटी' संग्रहालयात अशी खनिजे पाहावयास मिळतात.

उपयोग आणि नोंदींचा प्रश्न

जलशुद्धीकरण व तेलशुद्धीकरण यांत झिओलाइट वापरतात. तेलशुद्धीकरणात मात्र मुख्यतः कृत्रिम झिओलाइटच लागतात. त्यामुळे येथील स्फटिकांना मोल आहे ते नमुने म्हणूनच. ते मिळतात खडी फोडणाऱ्या खाणींत. सुरुंग उडाला की पोकळी उघडते, आणि कामगाराच्या नजरेस पडून तिने वेळीच बाजूला काढलेला तुकडा तेवढा वाचतो. उरलेले खडीयंत्रात जाते. वाचलेल्या नमुन्यावरही पुष्कळदा 'पुणे' किंवा 'नाशिक' एवढेच लिहिलेले असते. कोणत्या खाणीतील, समुद्रसपाटीपासून किती उंचीवरील, कोणत्या लाव्हाथरातील हे कळले, तरच तो नमुना भूवैज्ञानिक नकाशावर ठेवता येतो व वर सांगितलेल्या पट्ट्यांच्या अभ्यासास उपयोगी पडतो. खाण बंद होऊन पाण्याने भरली किंवा तिच्यावर वस्ती उभी राहिली, की ही माहिती पुन्हा मिळवता येत नाही.