केसरबाईंचा ‘आ’

१९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेलेली केसरबाई केरकरांची भैरवी हेडफोन लावून ऐकलीय का? जेमतेम साडेतीन मिनिटांची. मला त्यामागच्या तालमीबद्दल बोलायचंय.

केसरबाई गोव्यातल्या केरीच्या, जन्म १८९२चा. लहानपणी कोल्हापूरला अब्दुल करीम खाँसाहेबांकडे आठ महिने शिकल्या. मग रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले, बरकतुल्ला खाँ (हे तर सतारिये!). नावं केवढी मोठी! पण सगळं तुकड्यातुकड्यांनी.

१९२१मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. त्यांच्या जयपूर-अत्रौली गायकीचा सगळा डोलारा मोकळ्या आकारावर उभा. सूर न हलवता, दमसास सांभाळून नुसता ‘आ’ लावायचा. करून बघा, दहा सेकंदांत घाम फुटेल. तो कच्चा राहिला तर पुढच्या पेचदार ताना म्हणजे नुसता गोंधळ. चार गुरू करून आलेल्या बाईला पुन्हा पायापासून बसणं किती जड गेलं असेल!

तरी अकरा वर्षं कसून तालीम चालली. १९३०पासून त्या व्यावसायिक मैफली करू लागल्या, नाव झालं. पण शिकणं सुटलं नाही. १९४६मध्ये खाँसाहेब गेले, तोवर चालूच होतं.