कातिबाच्या लेखणीपासून मुक्त अक्षरापर्यंत

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींनी देवनागरीचे सुबक खिळे ओतले आणि मराठी-संस्कृत ग्रंथ त्या खिळ्यांवर देखणे छापले जाऊ लागले. उर्दूच्या नशिबी हे सुख नव्हते. उर्दू ज्या नस्तालीक वळणात लिहिली जाते, त्यात शब्द उजवीकडून डावीकडे उतरत येतो. शेजारचे अक्षर बदलले की आधीच्या अक्षराचा आकार बदलतो, नुक्ते जागा बदलतात. अशी लिपी खिळ्यांच्या चौकटीत बसत नाही.

म्हणून उर्दूने शिळाछापाचा, म्हणजे लिथोचा आधार घेतला. कातिब विशिष्ट शाईने मजकूर लिहायचा, तो दगडावर उतरायचा आणि दगडावरून कागदावर. मुन्शी नवल किशोर यांनी १८५८ मध्ये लखनौला छापखाना काढला तो याच तंत्रावर वाढला. एका हिंदू मालकाच्या छापखान्यातून कुरआन शरीफच्या प्रती घरोघरी गेल्या, हेही आपल्या इतिहासाचे एक पान आहे. पुढे छपाई बदलली, पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत उर्दू वर्तमानपत्रे कातिबांच्या हातानेच लिहिली जात होती.

या कातिबांचे शिक्षण कसे होत असे, ते लक्षात घेण्यासारखे आहे. उस्ताद एक ओळ लिहून द्यायचा, शागीर्द तीच ओळ शेकडो वेळा गिरवायचा. याला मश्क म्हणत. हात बसला की शागीर्द त्यात स्वतःची नजाकत आणायचा आणि पुढे स्वतःच उस्ताद व्हायचा. ‘हा अलिफ माझा आहे, तू गिरवू नकोस’ असे कोणी म्हणत नसे. नक्कल करणे हाच शिकण्याचा मार्ग होता.

संगणक आला आणि हे चित्र पालटले. कराचीचे मिर्झा अहमद जमील यांनी हजारो अक्षरजोड्या स्वतः लिहिल्या आणि ब्रिटनच्या मोनोटाइप कंपनीने त्यांतून ‘नूरी नस्तालीक’ तयार केला. १९८१ मध्ये लाहोरचे ‘जंग’ दैनिक त्यात छापले गेले. १९९४ मध्ये दिल्लीत तयार झालेल्या ‘इनपेज’ने नूरी नस्तालीक साध्या संगणकावर आणला. उपकार मोठाच होता. पण आता अक्षराला मालक आला, परवाना आला, किंमत आली. गल्लीतल्या डीटीपीवाल्याला ती परवडेना, म्हणून चोरीच्या प्रतींवर धंदा चालू लागला. मराठीचेही तसेच झाले. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची सांकेतिक मांडणी वेगळी, त्यामुळे एका दुकानातली फाइल दुसऱ्या दुकानात उघडली की नुसता कचरा दिसे. शादीची पत्रिका मराठी आणि उर्दू दोन्हीत हवी असेल, तर उर्दू एका सॉफ्टवेअरमध्ये, मराठी दुसऱ्यात आणि सजावट तिसऱ्यात करावी लागे.

याच काळात अमेरिकेत एक वेगळा विचार मूळ धरत होता. एमआयटीत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना प्रयोगशाळेतला प्रिंटर दुरुस्त करता येईना, कारण त्याच्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता त्यांना मिळत नव्हती. १९८३ मध्ये त्यांनी ‘जीएनयू’ प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा. आणि बदललेले वाटाल तेव्हा पुढच्यालाही हाच हक्क द्या, असे त्याच्या परवान्याचे सार. आपल्या उस्ताद-शागीर्द परंपरेला हे काही नवे नव्हते.

या विचारातून आपल्या लिपींना काय मिळाले? मूळच्या इराणी बेहदाद इस्फहबोद यांनी ‘हार्फबझ’ नावाचे सॉफ्टवेअर घडवले. हे नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे खुले. कोणते अक्षर कुठे कसे जुळेल, हे ते ठरवते. अँड्रॉइड फोन, फायरफॉक्स, लिबरऑफिस यांच्यात तेच आहे. महागड्या फोटोशॉपमध्येसुद्धा तेच वापरले जाते. इजिप्तच्या खालेद होस्नी यांनी कैरोच्या बुलाक छापखान्याच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या खिळ्यांवरून ‘अमीरी’ हा फॉन्ट घडवून सर्वांसाठी खुला केला. गूगलने २०१४ मध्ये ‘नोटो नस्तालीक उर्दू’ दिला. मुंबईच्या एक टाइप या गटाने देवनागरीसाठी ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ असे मुक्त फॉन्ट दिले. त्यातल्या बालूचे उर्दू-अरबी भावंड आहे ‘बालू भाईजान’. मराठी आणि उर्दू एकाच घरात नांदतात, हे मुंबईच्या अक्षरकारांनी नावातच सांगून टाकले.

आज तीच दोन भाषांची पत्रिका ‘इंकस्केप’मध्ये एकाच पानावर बसते, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही. मोहल्ल्यातल्या वाचनालयाचे पोस्टर, ईदचे शुभेच्छापत्र, शाळेचे हस्तलिखित यांसाठी इंकस्केप, छायाचित्रांसाठी ‘गिंप’, लेखनासाठी लिबरऑफिस, पुस्तकाच्या मांडणीसाठी ‘स्क्रायबस’. अडचणी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. छपाईच्या चार रंगांचे काम गिंप-इंकस्केपमध्ये अजून कच्चे आहे आणि छापखानेवाला त्याच्या ओळखीच्या सॉफ्टवेअरची फाइल मागतो. अशा वेळी अक्षरांचे रेषाकृतीत रूपांतर करून पीडीएफ द्यावी आणि एक नमुना छापून रंग तपासावेत.

मुलांना चोरीचे सॉफ्टवेअर शिकवून आपण त्यांना कसब देतो, पण त्या कसबाला हलाल कमाईचा पाया देत नाही. नोकरीच्या ठिकाणी परवाना विचारला की ती मुले अडखळतात. मुक्त सॉफ्टवेअर शिकलेल्या मुलीला घरच्या जुन्या संगणकावर उजळ माथ्याने धंदा सुरू करता येतो.

दुसरे काम याहून निकडीचे आहे. आपल्या संस्थांच्या स्मरणिका, नियतकालिके, सभांचे अहवाल जुन्या मराठी फॉन्टमध्ये आणि इनपेजच्या फायलींमध्ये पडून आहेत. लिथोचा कागद शंभर वर्षांनीही वाचता येतो. या फायली मात्र, ते संगणक बंद पडले की मुक्या होतील. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. कातिबाने जे हाताने जपले, ते आपल्याला चार क्लिकमध्ये जपायचे आहे; पण जुनी यंत्रे चालू आहेत तोवरच.