कलाबतू, बनात आणि मानाची वस्त्रे

समुद्रापासून शेकडो मैल आत, तलावांच्या काठी वसलेल्या भोपाळ शहरात बसून आरमारी अधिकाऱ्यांच्या जुन्या समारंभी पोशाखांचा विषय काढणे कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु त्या पोशाखांना जिच्यामुळे शोभा आणि किंमत आली, ती सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार भोपाळच्या जरदोजांच्या बोटांत बेगमांच्या अमदानीपासून खेळत आली आहे, आणि म्हणून असे पोशाख जमविणाऱ्याने बंदराइतकेच या शहराकडेही लक्ष दिले पाहिजे, असे माझे मत आहे.

इंग्रजी आरमाराने आपल्या अधिकाऱ्यांस गणवेश ठरवून दिला तो १७४८ साली. निळी बनात, तिला पांढरे काठ, सोनेरी गुंड्या व फीत, आणि १७९५ पासून खांद्यांवर सोनेरी झुबक्यांची एपॉलेट, अशी त्याची घडण होत गेली. या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध वस्त्र म्हणजे १८०५ साली ट्रॅफल्गारच्या लढाईत इंग्रजी ॲडमिरल नेल्सनच्या अंगावर असलेला कोट. तो समारंभाचा नव्हे, रोजच्या वापराचा होता. तरीही त्याच्या छातीवर चार मानचिन्हांची भरतकामाची नक्षत्रे शिवलेली होती. डाव्या खांद्यावर गोळीचे छिद्र असलेला तो कोट १८४५ साली राणी व्हिक्टोरियाच्या पतीने, प्रिन्स अल्बर्टने, विकत घेऊन ग्रिनिचच्या संस्थेस दिला व तो आजही ग्रिनिचच्या संग्रहालयात आहे. शल्यवैद्याने देहातून काढलेल्या गोळीला एपॉलेटच्या सोनेरी जरीचे धागे चिकटून आले होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण इतिहासग्रंथांतील वर्णने जेथे थांबतात तेथे वस्त्र स्वतः साक्ष देऊ लागते.

वस्त्राने अधिकार देण्याची रीत आपल्याला परकी नाही. १७१३ साली मांजरीच्या मुक्कामी शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांस पेशवाईची वस्त्रे दिली, तेव्हा ती अंगावर घालणे हाच नेमणुकीचा विधी होता. मोगली दरबारात यासच खिलत म्हणत. खिलतींचे पोशाख तोषखान्यात राहत, आणि आपल्याकडे तेच काम जामदारखान्याकडे असे. वस्त्रे किती नगांची मिळाली यावरून सरदाराची इभ्रत मोजली जाई. म्हणजे असा पोशाख सनदेइतकाच अस्सल दस्तऐवज होय.

या दस्तऐवजाचे सर्वांत विलक्षण उदाहरण भोपाळ रियासतीत सापडते. १८६१ साली व्हिक्टोरिया राणीने ‘स्टार ऑफ इंडिया’ हा मानसंप्रदाय स्थापिला आणि त्याच वर्षाच्या १ नोव्हेंबरास अलाहाबादच्या दरबारात लॉर्ड कॅनिंगने ज्या संस्थानिकांस तो अर्पण केला त्यांत भोपाळच्या सिकंदर बेगम होत्या. त्या पडदा पाळीत नसत. परंतु त्यांची नात सुलतान जहाँ बेगम, ज्यांनी १९०१ ते १९२६ पर्यंत राज्य केले, त्यांनी कारकिर्दीची बहुतेक वर्षे पडदा कसोशीने पाळला. समारंभी पोशाखाचा सारा हेतू धारण करणाऱ्याचा दर्जा पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरावा हा, आणि बुरख्याचा हेतू धारण करणारी व्यक्ती कोणाच्या दृष्टीस पडू नये हा. हा पेच बेगमसाहेबांनी अंगीकृत आचार न सोडता सोडविला. १९११ साली पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकास लंडनला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्ली दरबारास त्या बुरख्यातच गेल्या, आणि मानचिन्हे त्यांनी त्या बुरख्यावर धारण केली. ‘स्टार ऑफ इंडिया’चा झगा फिकट निळ्या साटिनचा, पांढऱ्या रेशमी अस्तराचा, डाव्या बाजूस भरतकामाचे नक्षत्र असलेला. चेहरा झाकलेला आणि दर्जा उघडा, असे चित्र त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याही दरबारात मला दिसत नाही.

आता तारेच्या कामाकडे वळू. भोपाळच्या जरीच्या बटव्यांची ख्याती अद्याप टिकून आहे आणि कुदसिया बेगमांनी बांधलेल्या गौहर महालात आज हस्तकलांची प्रदर्शने भरतात. कारचोबावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, कापड ताणून कारागीर भोवती बसतात. तार चपटी केली की बादला, तोच बादला रेशमी धाग्यावर पिळला की कलाबतू, आणि तारेचाच बारीक वेटोळ्यांचा, आतून पोकळ सर केला की सलमा. सलम्याचे जवाएवढे तुकडे कापून सुईत मण्यासारखे ओवतात. खाली दोऱ्याचा उठाव दिलेला असेल तर तुकडा कमानीसारखा बसतो आणि नक्षी उचलून येते. सलमा जराही जास्त ओढला तर वेटोळी उसवतात आणि ती पुन्हा जुळत नाहीत. आरमारी टोपीवरचे सोनेरी बिल्ले आणि एपॉलेटचे झुबके याच जातीच्या तारेचे. म्हणून जुन्या एपॉलेटचे खरेखोटेपण पारखण्यास जुन्या जरदोजाची नजर उत्तम.

दुर्दैवाने हीच तार या वस्त्रांच्या नाशास कारण झाली. १९३९ साली युद्ध सुरू होताच इंग्रजी आरमाराचा पूर्ण समारंभी पोशाख बंद झाला. इकडे १ जून १९४९ रोजी भोपाळचा कारभार भारत सरकारने हाती घेतला आणि दरबार संपले. ज्या पोशाखास प्रसंग उरला नाही त्यास गिऱ्हाईक मात्र असते: जुनी जर विकत घेणारे दारावर येत, कापड जाळून चांदी गाळीत, आणि आपल्या घराघरांतल्या जुन्या शेल्याशालूंची जी गत झाली तीच दरबारी अंगरख्यांची झाली. ‘स्टार ऑफ इंडिया’ची रत्नजडित चिन्हे तर मानकऱ्याच्या निधनानंतर सरकारजमा करावी लागत.

जे उरले ते राखणे कष्टाचे आहे. बनातीला कसर लागते आणि घडीच्या रेघेवर तार तुटते. म्हणून वेखंड घालून, मलमलीत गुंडाळून, शक्य तर घडी न घालता वस्त्र ठेवावे. तार चकचकीत करण्याचा मोह संग्राहकाने कटाक्षाने टाळावा, कारण पॉलिशने मुलामा निघून जातो आणि वयाचा पुरावाही. तसेच शिंप्याची चिठ्ठी, नेमणुकीचा कागद व छायाचित्र वस्त्रापासून अलग करून विकणाऱ्यांस मी या विद्येचे शत्रू मानतो.

२०२३ सालच्या ४ डिसेंबरास सिंधुदुर्ग जिल्ह्यात भारतीय नौदलाच्या ॲडमिरलांसाठी शिवछत्रपतींच्या राजमुद्रेच्या अष्टकोनावरून योजिलेल्या नव्या एपॉलेटची घोषणा झाली. त्यांचा एक संच, तो कोणी भरला, कोठे भरला आणि कोणत्या तारेने भरला या नोंदीसह, एखाद्या संग्रहालयाने आजच मागून घ्यावा.